उशी उसवून बघा, आत काय भरलंय

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेतल्या एका सहकाऱ्यानं मला स्टाफरूममध्ये बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, तुमच्यात कोणी गादीवाला हाये नं? मले एक उशी पायजे. गोल, टणक. बसाले."

हा माणूस इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर करून आला होता. तेव्हापासून रोज पहाटे तासभर बसतो. त्यानं मोबाइलवरून एक ध्यानाची उशी मागवली होती. चांगली महाग, जांभळ्या रंगाची, वर कमळ छापलेलं. महिनाभरात ती पोळीसारखी चपटी झाली. "माही कंबर गेली नं सर. दहा मिनिटांत पायाले मुंग्या येतात. मन श्वासावर ठेवू का पायावर?"

मी त्याला माझ्या मामूच्या दुकानात घेऊन गेलो. अंजनगाव सुर्जीत आता पिंजायचं काम करणारी दुकानं बोटावर मोजता येतील इतकीच उरली आहेत. मामूंचं त्यातलं एक. मामूंनी ती जांभळी उशी हातात घेतली, दाबली, दाभणानं एक टाका उसवला, आतला पांढरा पुंजका बाहेर काढला, चिमटीत चोळला आणि म्हणाले, "ये तो बाटली है, बेटा. प्लास्टिक की बाटली." मग काडी पेटवून त्या पुंजक्याला लावली. तो जळला नाही, वितळला. शेवटी काळा कडक मणी उरला. शेजारच्या ढिगातली रुई घेऊन तिलाही काडी लावली. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोट लावताच उडेल अशी मऊ राख राहिली.

मामूंनी त्याला उशी करून दिली. ती कशी केली ते पुढं सांगतोच. पण हा लेख लिहायला बसलो तो त्यानंतर जे झालं त्यामुळं. त्या सहकाऱ्यानं खूश होऊन उशीचा फोटो त्याच्या विहाराच्या ग्रुपवर टाकला आणि आणखी सात-आठ जणांनी उशा मागितल्या. मग तीन बाजूंनी तीन आवाज आले. विहारातल्या एका जाणत्या माणसानं लिहिलं की कापसाची मऊ गादी भिक्खूंना वर्ज्य आहे, साधकानं त्यावर बसूच नये. गावातल्या दुसऱ्या एका ग्रुपवर कोणीतरी नेहमीचा मेसेज ढकलला, वस्तू आपल्याच माणसांकडून घ्या. आणि आमच्या बिरादरीच्या ग्रुपवर एका साहेबांनी, जे स्वतःच्या नावापुढं मोठ्या हौसेनं 'मन्सुरी' लावतात, मामूंना सुनावलं की दुसऱ्यांच्या इबादतीचं सामान बनवणं मुसलमानाला शोभत नाही.

मामू वाद घालत नाहीत. मी घालतो.

शेवटच्या साहेबांपासूनच सुरुवात करतो, कारण ते आपले आहेत. साहेब, तुमच्या नावातलं 'मन्सुरी' कुठून आलं ठाऊक आहे? हुसैन इब्न मन्सूर अल-हल्लाज. जन्म इराणच्या फार्स प्रांतात, साधारण इ.स. ८५८. मृत्यू बगदादमध्ये, इ.स. ९२२, फाशीच्या तख्तावर. हल्लाज म्हणजे पिंजारी. कापूस पिंजणारा. त्याचा बाप हे काम करायचा. सूफींच्या चरित्रांत एक किस्सा येतो. मन्सूरनं एका पिंजाऱ्याला काही कामासाठी बाहेर पाठवलं, तुझं काम मी बघतो म्हणाला, आणि तो परत येऊन पाहतो तर दुकानातला सगळा कापूस पिंजून तयार. किस्सा खरा की खोटा हा प्रश्न मला पडत नाही. मला एवढंच दिसतं की ज्याच्या नावाचा शिक्का आपण कपाळावर मिरवतो, त्याचं आडनाव धंद्याचं होतं आणि त्याचं आयुष्य मुराकब्यात गेलं. डोळे मिटून, गुडघे मोडून, तासन् तास बसण्यात. त्याला तुम्ही विचारणार होता का, की बाबा, तू कोणत्या धर्माच्या उशीवर बसलास?

आपल्यातले अनेक लोक 'नदाफ' लावतात. तोही अरबीतला शब्द, तोच अर्थ. राजस्थानात दादू दयाल होऊन गेले, अकबराच्या काळातले, त्यांनाही परंपरा धुनियाच मानते. 'सूफी' शब्दाची व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक 'सूफ'पासून, म्हणजे लोकरीपासून देतात. आणि कुरआनच्या सूरह अल-कारिआमध्ये कयामतच्या दिवशी डोंगरांचं काय होईल हे सांगताना जो दृष्टान्त येतो तो पिंजलेल्या लोकरीचा आहे. डोंगर पिंजून निघतील. ज्या माणसानं एकदा तरी पिंजणाच्या तातेखाली गच्च बसलेली रुई क्षणात धुक्यासारखी उडताना पाहिली आहे, त्याला त्या दृष्टान्ताची धास्ती इतरांपेक्षा जास्त कळते. आमच्या दादाजींना कळायची. ते ही सूरत ऐकताना हात थांबवायचे.

आता दुसरी गोष्ट, इबादतीच्या सामानाची. वऱ्हाडात लग्नाच्या मांडवातले लोड-तक्के कोणी भरले? पेढीवरच्या सावकाराची गादी कोणी भरली? मठातली, कीर्तनकाराची, दवाखान्यातली, बाळंतिणीच्या खाटेवरची? शंभर वर्षं आपण दुसऱ्यांच्या बसण्या-झोपण्याचं सामान बनवत आलो, त्यावरच आपली चूल पेटली. तेव्हा कोणी फतवा विचारला नाही. एक बौद्ध मास्तर श्वासावर लक्ष ठेवून बसतो, त्याच्या बुडाखाली मामूंची रुई आली, तर लगेच ईमान धोक्यात? धोका असलाच तर तो दुसरीकडं आहे. आपल्या पोरांना 'पिंजारी' शब्दाची लाज वाटते, तिथं. मी नववीत असताना वर्गात सांगितलं होतं की माझे अब्बा कापडाचे व्यापारी आहेत. त्याच दुपारी अब्बा खांद्यावर पिंजण घेऊन शाळेसमोरच्या गल्लीतून गेले. तातेचा आवाज करत. मी खिडकीतून मान आत घेतली. हे मी आज प्रथमच लिहितो आहे, आणि तेही अब्बा वाचू शकत नाहीत म्हणून.

आरक्षणाचा फॉर्म भरताना मात्र आपल्याला पिंजारी हा शब्द बरोबर आठवतो. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारांसारखा माणूस त्यांच्या सभांना गावोगाव गेला, आणि 'इस्लाममध्ये जात नसते' असं सांगणाऱ्या आपल्याच बड्या लोकांशी त्यांना भांडावं लागलं. त्या भांडणाचं फळ म्हणजे माझ्या मुलीच्या हातातला दाखला. दाखल्यावर चालतो, दुकानाच्या पाटीवर चालत नाही, असा हा शब्द.

असो. बिरादरीचं झालं. आता विहारातल्या जाणत्या गृहस्थांकडं वळतो, कारण त्यांचा मुद्दा खरंच विचार करण्यासारखा आहे आणि त्यांनी तो अभ्यासानं मांडला.

विनयपिटकात भिक्खूंनी रुई भरलेला पलंग किंवा आसन वापरू नये असा नियम आहे, हे खरं. भरलेली रुई काढून टाकावी असंही तिथं सांगितलं आहे. पण त्याच विनयात डोक्याखालच्या उशीत रुई भरायला परवानगी आहे. आणि बसायच्या-झोपायच्या गादीत, पालीत तिला 'भिसि' म्हणतात, काय भरावं याचीही मोजून यादी आहे: लोकर, कापडाच्या चिंध्या, झाडाची साल, गवत आणि पानं. अडीच हजार वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसाच्या संघात गादीत काय भरायचं यावर चर्चा झाली, निर्णय झाला, तो पाठ करून ठेवला गेला. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमचा धंदा इतकाही क्षुल्लक नाही.

ज्यांना हे परकं वाटतं त्यांनी आपल्या घरातलं पाहावं. बुखारीत हजरत आयेशांकडून आलेली हदीस आहे: पैगंबरांचं अंथरूण चामड्याचं होतं आणि त्यात खजुराच्या झाडाचा काथ्या भरलेला होता. हजरत उमर एकदा भेटायला गेले तेव्हा पैगंबर नुसत्या चटईवर पहुडले होते, उशाला तशीच काथ्या भरलेली चामड्याची उशी, आणि चटईचे वळ त्यांच्या कुशीवर उमटले होते. ते पाहून उमर रडले. आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्यानं कशावर बसावं ते सांगितलंच आहे. दर्भ, त्यावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. आसन फार उंच नको, फार खाली नको.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. ज्या मुलखात जे सहज मिळतं, ज्याला बाजारात फार भाव नाही, ते भरलं. अरबस्तानात खजुराचा काथ्या, मगधात गवत. जपानमध्ये झेन साधक ज्या गोल उशीवर बसतात तिला झाफू म्हणतात. त्या नावातच एका पाणगवताचा अर्थ आहे, कारण मुळात तिच्यात त्या गवताच्या कणसांचा भुसा भरत. पुढं झाडावरचा रेशमी कापूस आला, आणि कुट्टूची टरफलं. कुट्टू म्हणजे आपल्याकडं नवरात्रात ज्याच्या पिठाचं उपासाला काहीबाही करतात तेच. दळल्यावर उरलेलं टरफल तिकडं उशीत जातं. आता हीच टरफलं सुंदर पाकिटात घालून आपल्याला विकली जातात. चांगलं भरण आहे ते, मी नाकारत नाही. वजनदार असतं, बसलं की अंगाच्या आकाराप्रमाणं सरकतं आणि मग जागचं हलत नाही. पण त्याचं इतकं कौतुक करणाऱ्यांनी आपल्या आजीला विचारावं, बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची नाहीतर राळ्याची उशी कोणी शिवली होती? दाण्याची उशी महाराष्ट्राला नवी नाही.

मग वऱ्हाडात काय भरायचं? इथं माझं भांडण थेट फोम आणि प्लास्टिकच्या पुंजक्याशी आहे.

ध्यानाच्या उशीचं काम काय ते आधी नीट समजून घेऊ. ती मऊ असण्यासाठी नसते. मांडी घातल्यावर कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर राहिले पाहिजेत, म्हणजे कंबरेचा कणा आपोआप सरळ होतो आणि गुडघे जमिनीला टेकतात. यासाठी माणसाचं सगळं वजन घेऊनही जी चार-सहा बोटं उंच राहील अशी वस्तू लागते. फोमचा तुकडा पहिल्या दिवशी छान वाटतो. तो दबतो, आणि माणूस त्यात बुडतो. बुडाला की कंबर मागं वळते. शिवाय फोम हवा खेळू देत नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. त्यात पहाटेसुद्धा फोमवर तासभर बसून दाखवा. उन्हात टाकला तर पिवळा पडतो आणि भुगा होतो. पॉलिस्टरचा पुंजका धुता येतो हे खरं, पण त्यात जोर नाही. हवा भरल्यासारखा फुगतो आणि वजनाखाली हार मानतो. एकदा दबला की पुन्हा पिंजता येत नाही, फेकावाच लागतो. कुठं फेकता? शहानूर नदीच्या काठावर जाऊन बघा.

काटेसावरीचा कापूस ही आपली देशी चीज. अंजनगावच्या उत्तरेला मेळघाट उभा आहे, फाल्गुनात सावर लाल होते, उन्हाळ्यात बोंडं फुटतात आणि रेशमासारखा कापूस वाऱ्यावर उडतो. तो इतका गुळगुळीत असतो की त्याचं सूत निघत नाही, पण उशीत हलका, गार, आणि पाण्याला सहज न धरणारा. डोक्याखालच्या उशीला त्याच्याइतकं चांगलं भरण नाही. बसायच्या उशीत तो खूप ठासून भरावा लागतो, आणि बाजारात 'शेमल' म्हणून जे मिळतं त्यात काय काय मिसळलेलं असतं ते मामू सांगतील. मी लिहिलं तर भांडणं होतील.

राहिली रुई. आणि इथं लोक एक चूक करतात. त्यांना वाटतं, लांब धाग्याची, पांढरीशुभ्र, मुलायम रुई म्हणजे उत्तम. सुताला असेल. गादीला नाही. बारीक लांब धागा दबला की एकमेकांत गुंततो, गाठी होतात. गादीला हवा आखूड, जाड, थोडा खरबरीत धागा, जो दबून परत उठतो. म्हणजे नेमका आपला जुना गावरानी कापूस. याच वऱ्हाडच्या कापसाला एकेकाळी मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात 'उमराज' म्हणत, उमरावतीवरून. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी चालू होती तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना याच मुलखाची आठवण झाली. पुढं कापूस वाहून नेण्यासाठी मूर्तिजापूर ते अचलपूर अरुंद रूळ पडले, त्यावर आमच्या गावची शकुंतला धावली. आता ती गाडी बंद आहे. २००२ साली बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि काही वर्षांत शेतात गावरानी पऱ्हाटी शोधावी लागू लागली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं एकेए-७ सारखे देशी वाण दिले, पण जिनिंगवाला लांब धाग्याला भाव देतो, मग शेतकरी आखूड धागा कशाला लावेल? त्याला दोष देता येत नाही.

आणि एक हिशेब डोक्यात ठेवा. शंभर किलो कापूस सरकीतून काढला की तेहतीस-पस्तीस किलो रुई हाती येते. बाकी सरकी. त्यामुळं 'शुद्ध कापसाची' म्हणून कोणी मातीमोल भावात गादी देत असेल तर ती शुद्ध कापसाची नाही. सूतगिरणीचा झाडलेला कचरा असेल, किंवा पानिपतकडून येणारी जुन्या कपड्यांची पिंजलेली चिंधी. चिंधीला मी नावं ठेवत नाही, विनयात ती आहेच आणि आपल्या गोधडीत तर आईच्या लुगड्यांचीच भरती असते. फक्त चिंधीला चिंधी म्हणा आणि चिंधीचे पैसे घ्या.

या सगळ्यातून मामूंनी त्या मास्तरसाठी काय निवडलं? नवीन रुई नाही. त्यांनी विचारलं, "घरात जुनी गादी हाये का? आईची, आजीची?" होती. तिसाहून जास्त वर्षांची, माळ्यावर टाकलेली, दगडासारखी झालेली. ती आणली, उसवली. वरचा मळका थर बाजूला केला, दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाकली, मग पिंजली. आतून जो कापूस निघाला तो गावरानी होता, कारण ती गादी बीटीच्या आधीची. मामूंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मग मांजरपाटाची गोल खोळ, सुमारे हातभर रुंद. तिच्यात रुईच्या पोळ्या एकावर एक रचल्या. गोळे कोंबले नाहीत, गोळे कोंबले की खड्डे पडतात. कडेनं जास्त ठासलं, मध्ये थोडं कमी. दोन किलोच्या आसपास रुई गेली. आणि एका बाजूला वीतभर तोंड नाडी लावून मोकळं ठेवलं, म्हणजे वर्षभरानं दबली तर वरून मूठभर भरता येते, किंवा सगळी काढून पुन्हा पिंजता येते. या नाडीसाठी मी हा सगळा लेख लिहितो आहे असं म्हटलं तरी चालेल. बाजारातली कोणतीही उशी बघा, चारी बाजूंनी मशीनची शिलाई. आत काय आहे ते तुम्ही बघूच नये अशी व्यवस्था.

तर विहारातल्या काकांना माझं उत्तर असं. तुम्ही म्हणता रुईची मऊ गादी चैनीची. नवी, जाड, पलंगभर गादी असेलही. आजीच्या टाकून दिलेल्या गादीतली, पुन्हा पिंजलेली, दगडासारखी ठासलेली दोन किलो रुई ही चैन नाही. उलट जपानची टरफलं नाहीतर कारखान्याचा फोम मागवून साधेपणाचा अभ्यास करणं, ही चैन आहे. वऱ्हाडात जुनी रुई हाच आपला खजुराचा काथ्या. काका सज्जन आहेत. त्यांनी स्वतःसाठी उशी घेतली नाही, पण घेणाऱ्यांना अडवलंही नाही.

आता तो तिसरा आवाज, आपल्याच माणसांकडून घ्या म्हणणारा. त्याला मी धर्माचं काही सांगत नाही, तो ऐकायला बसलेला नाही. मी फक्त विचारतो, घ्या ना. कोणाकडून घेणार? अंजनगावात, दर्यापुरात, परतवाड्यात, अकोटात गल्लोगल्ली 'गादी पिंजून देता का' म्हणत कोण फिरत होतं? तुमच्या लग्नात माहेराहून आलेली गादी, बापाच्या आजारपणात ज्यावर त्याला झोपवलं ती गादी, उसवून बघा. टाके कोणाच्या हातचे आहेत ते कळेल. उरले आहेत थोडे हात. तेही नकोत म्हणाल तर मग कारखान्यातली उशी आहेच, तिला हातच नसतो.

पण मला माझ्याच बाजूच्या एका खोटेपणाबद्दलही बोलायला हवं. हल्ली शहरातले काही लोक हस्तकला, परंपरा, पिंजाऱ्याच्या तातेचं संगीत असं बरंच हळवं लिहितात. तातेचा आवाज गोड होता, मान्य. पण ती तात बकऱ्याच्या आतड्याची, पिंजण माणसाच्या उंचीएवढं, आणि दिवसभर लाकडी मुठियानं ठोकून ठोकून अब्बांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला. रुईची बारीक धूळ छातीत बसते. या आजाराला डॉक्टरी भाषेत बिसिनोसिस म्हणतात, गिरणी कामगारांत तो ओळखीचा आहे, पण घरच्या घरी पिंजणाऱ्याचा खोकला कोणी नोंदवत नाही. अब्बा रात्री उठून बसतात. त्यांच्या पाठीमागं आम्ही लोड लावतो. तो त्यांनीच भरलेला आहे. दवाखान्यात त्यांना दर वेळी आधी बिडी किती ओढता असं विचारतात. त्यांनी आयुष्यात बिडी ओढली नाही.

मामूंकडं आता विजेचं पिंजणयंत्र आहे. खांदा वाचला, धूळ वाढली. मी तोंडाला बांधायचे चांगले मास्क आणून दिले, ते खिळ्याला लटकलेले असतात. "गरम होता है, बेटा." त्यावरून आमचं दर आठवड्याला भांडण होतं आणि दर आठवड्याला मी हरतो. धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवायला पैसे लागतात, आणि ज्या दरानं लोक गादी पिंजून मागतात त्यातून तो पंखा निघत नाही.

म्हणून दराबद्दल स्पष्ट बोलतो. गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे, आश्रमात खादी सुरू करताना त्यांना पिंजारी मिळेना. मिळाला त्यानं महिन्याला पस्तीस रुपये किंवा त्याहून जास्त मागितले. तेव्हाचे पस्तीस रुपये! आणि त्या वेळी गांधीजींना कोणतीच किंमत जास्त वाटली नाही. देशातला सर्वांत काटकसरी माणूस पिंजाऱ्याशी घासाघीस करत नाही, आणि आपण, जांभळ्या प्लास्टिकच्या उशीला मुकाट्यानं मागेल ती किंमत मोजणारे, मामूंना म्हणतो, "चाचा, पन्नास कमी करा नं, घरचीच रुई होती." रुई घरची होती. छाती मामूंची होती.

सरकारकडून मला फार अपेक्षा नाही. अचलपूरची फिनले मिल करोनाच्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच, शेकडो कामगारांचं काय झालं ते आपण पाहिलं. जिथं गिरणीची ही गत, तिथं पिंजाऱ्याच्या पंख्याला कोण विचारतं? पण २१ जूनला योगदिन येतो, शाळाशाळांत चटया आणि आसनं खरेदी होतात. विहारांमध्ये शिबिरं होतात. आमच्या मदरशांत पोरं तासन् तास जमिनीवर बसून हिफ्ज करतात, त्यांच्याही गुडघ्यांची कोणी चौकशी केलेली नाही. मी आमच्या एका मदरशाच्या मौलानांना मामूंकडची एक उशी नेऊन दिली. ते तिच्यावर बसले, मागं-पुढं हलून पाहिलं आणि म्हणाले, "यह तो बड़ी आराम की चीज़ है, बच्चे सो जाएँगे." मी म्हटलं, "हजरत, टेकून बघा, झोप येते का." त्यांनी उशी ठेवून घेतली. ऑर्डर अजून दिलेली नाही.

बिरादरीच्या ग्रुपवरून मला त्या साहेबांनी काढून टाकलं आहे. त्यांच्या घरी मागच्या आठवड्यात मुलीचं लग्न होतं आणि त्यासाठी सहा गाद्या मामूंकडंच भरायला आल्या होत्या. मामूंनी भरून दिल्या. मी तिथं होतो. साहेबांनी पन्नास रुपये कमी केले.

विहाराच्या सात उशा तयार आहेत, आठवी राहिली आहे. कोणाला हवी असेल तर जुनी गादी घेऊन या, नवी रुई मागू नका. मांडी घालून जमिनीवर बसा, मामू गुडघा आणि जमीन यांच्यामध्ये बोटं घालून उंची मोजतात. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. आणि आत जाताना खिळ्यावरचा मास्क काढून त्यांच्या हातात द्या. माझं ऐकत नाहीत, गिऱ्हाइकाचं कदाचित ऐकतील.